१२ व्होल्टच्या गाडीत २४ व्होल्टचा विंच: वीज आणायची कुठून?

मोठे ट्रक, बसगाड्या आणि बहुतेक लष्करी वाहने २४ व्होल्टवर चालतात, तर बोलेरो, थार, जिप्सी यांसारख्या गाड्या १२ व्होल्टवर. भंगारात किंवा लिलावात निघालेल्या ट्रकवरचा दणकट विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारे मोटरीचे यंत्र, चांगल्या भावात हाती लागतो, तो घरी येतो, बंपरवर घट्ट बसतो, आणि शेवटी बॅटरीला तारा जोडण्याची वेळ आली की मोटरीवरच्या पट्टीवर कोरलेला २४ हा आकडा पहिल्यांदा नीट वाचला जातो. त्यानंतर जो तो एकच प्रश्न विचारतो, की १२चे २४ व्होल्ट करायचे कसे. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे आणि तो सोपा अर्धा आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की २४ व्होल्ट तयार होतात. चिखलातून गाडी निघाल्यावर रिकाम्या झालेल्या त्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या गाडीने पुन्हा भरायच्या कशा, हा त्यातला अवघड अर्धा, आणि जोडणीतल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

सुरुवात विंचच्या भुकेपासून केली पाहिजे. साधारण ४,३०० किलो, म्हणजे ९,५०० पौंड ओढीचा १२ व्होल्टचा विंच दोर रिकामा गुंडाळताना ६० ते ८० अँपिअर करंट घेतो, पण पूर्ण ओझ्याखाली तोच आकडा ४००च्या आसपास जातो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, या हिशोबाने ते ४,८०० वॅट झाले. तेवढ्याच ताकदीच्या २४ व्होल्टच्या विंचलाही साधारण तेवढेच वॅट लागतात. फरक इतकाच की दाब, म्हणजे व्होल्टेज, दुप्पट असल्यामुळे करंट निम्मा, म्हणजे सुमारे २०० अँपिअर पुरतो. पूर्ण ओझ्यावर दोर मिनिटाला जेमतेम सव्वा मीटर सरकतो हे लक्षात घेऊन प्रत्यक्ष कामाचा हिशोब मांडला, तर बॅटरीतून निघालेल्या दर पाच वॅटपैकी एकच वॅट दोरापर्यंत पोहोचतो आणि उरलेले चार मोटर, गिअर आणि तारा तापवण्यात जातात. जोराची ओढ मिनिटभराच्या आत थांबवून मोटरीला विसावा द्यावा, असे विंचच्या पुस्तिकेत लिहिलेले असते ते याच कारणाने.

आता गाडीकडे काय आहे ते पाहू. आपल्याकडच्या जीपवर्गातील गाड्यांचा आल्टरनेटर, ज्याला अनेक गॅरेजांत अजूनही डायनामाच म्हणतात, तो साधारण ७० ते १२० अँपिअरचा असतो, आणि हा आकडाही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असतानाचा. गाडी नुसती उभी राहून धुकधुकत असेल तर त्यातला बराच भाग वजा करावा लागतो. म्हणजे विंच चालताना खरा पुरवठा बॅटरीच करते आणि आल्टरनेटर फक्त हातभार लावतो. घरावरच्या टाकीला नळाची बारीक धार रात्रभर लागलेली असते आणि सकाळी सगळ्यांच्या अंघोळी मात्र टाकीतल्या साठ्यावर उरकतात, तसाच हा प्रकार आहे. विंच हा थोडा वेळ पण प्रचंड उपसा करणारा ग्राहक असल्यामुळे त्याच्या तोंडाशी साठाच उभा करावा लागतो.

निम्म्या करंटचा फायदा तारांमध्ये सर्वात स्पष्ट दिसतो. ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या केबलचा रोध दर मीटरला सुमारे अर्धा मिलिओहम असतो. जाऊन येऊन पाच मीटर केबल धरली तर ४०० अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच गळतो आणि सुमारे ४०० वॅट उष्णता होते. त्याच केबलमधून २०० अँपिअर गेले तर गळती अर्ध्या व्होल्टची आणि उष्णता १०० वॅटची, म्हणजे चौथाई. शिवाय बारामधला एक व्होल्ट जाणे आणि चोवीसमधला अर्धा व्होल्ट जाणे यांतही फरक आहे, कारण पहिल्यात आठ टक्के दाब हरवतो आणि दुसऱ्यात दोन टक्के. वाहनउद्योगाने व्होल्टेज वाढवण्याचा मार्ग याच हिशोबाने धरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टची होती, आणि १९५०मध्ये तिच्या जागी आलेली एम-३८ ही लष्करी जीप थेट २४ व्होल्टची. नागरी मोटारींनी त्याच दशकात मोठी इंजिने फिरवण्यासाठी ६ सोडून १२ धरले आणि बहुतांश तिथेच थांबल्या. आपल्या बंपरवरचा विंच आणि आपली गाडी यांचे जमत नाही, त्याच्या मागे ही जुनी फारकत आहे.

विंच तसाच १२ व्होल्टला जोडला तर काय होते? अनेक जण हे करून पाहतात आणि फसतात, कारण बऱ्याचदा तो फिरतो. दोर रिकामा असताना ड्रम सावकाश फिरताना दिसतो आणि मालक समाधानाने बॉनेट लावतो. ओझे आल्यावर खरे चित्र कळते. समजा मोटर, तारा आणि बॅटरी मिळून रोध ०.०४ ओहम आहे आणि समोरच्या ओझ्यासाठी २०० अँपिअर लागतात. हा करंट ओझ्यावर ठरतो. व्होल्टेज निम्मे केले म्हणून ओझे हलके होत नाही. त्या रोधात ८ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे २४ व्होल्टवर मोटरीला फिरायला १६ व्होल्ट उरतात आणि १२ व्होल्टवर फक्त ४. वेग निम्म्यावर न येता चौथाईवर येतो. मोटरीत दर सेकंदाला होणारी उष्णता मात्र तितकीच राहते, त्यामुळे दोराच्या दर मीटरमागे मोटर चौपट तापते, आणि ओझे आणखी थोडे वाढले की ती जागीच थबकते. याखेरीज विंचचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरीचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, ज्याला सोलेनॉइड म्हणतात, त्याची गुंडाळीही २४ व्होल्टची असते; तिला पुरेसा दाब मिळाला नाही तर तो नीट न चिकटता टकटक करत राहतो आणि प्रत्येक टकटकीबरोबर त्याचे संपर्क जळतात. उलटा प्रकार, म्हणजे १२ व्होल्टची मोटर २४ व्होल्टवर लावणे, त्याहून वाईट, कारण सिरीज प्रकारची मोटर रिकामी असताना बेफाम वेग घेते.

मग बाजारात मिळणारा १२चे २४ करणारा डबा, म्हणजे कन्व्हर्टर, का लावू नये? साधे गणित करा. विंचला २४ व्होल्टवर २०० अँपिअर हवे आहेत, म्हणजे ४,८०० वॅट. डब्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १२ व्होल्टच्या बाजूने साडेचारशे अँपिअर ओढावे लागतील आणि बॅटरीचा दाब पडू लागला की हा आकडा पाचशेकडे जाईल. जाड तारा, तापणारी बॅटरी आणि अपुरा आल्टरनेटर ही सगळी दुखणी जिथल्या तिथे राहिली, वर पाच किलोवॅटचा महागडा डबा आला. गाडीसाठी सहज मिळणारे असे कन्व्हर्टर दहा-वीस अँपिअरचे असतात; ते विंचचे बटण दाबताच बंद पडतील. त्यांचा उपयोग दुसऱ्या ठिकाणी आहे आणि त्याकडे आपण येऊच.

बॅटऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा खटाटोप तिच्यामुळे टळू शकतो. पुष्कळ विंच एकाच गिअर आणि ड्रमवर १२ किंवा २४ व्होल्टची मोटर बसवून विकले जातात. तुमच्या विंचला १२ व्होल्टची मोटर आणि त्याच व्होल्टेजचा कॉन्टॅक्टर मिळत असेल, तर मी डोळे झाकून तेच करीन. आपल्या माणसांना जुगाड केल्याचे समाधान हवे असते हे मला मान्य आहे, पण दोन बॅटऱ्या, त्यांची पेटी, केबल, स्विच आणि चार्जर यांची बेरीज केली की नवी मोटर पुष्कळदा स्वस्त पडते, आणि गाडीत फक्त एकच व्होल्टेज राहते. मोटर मिळत नसेल, किंवा विंच इतका मोठा असेल की १२ व्होल्टवर करंट आवाक्याबाहेर जातो, तरच पुढे वाचावे.

तर दोन बॅटऱ्यांची एकसर जोडणी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सिरीज. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला, आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट. शिशाच्या पूर्ण भरलेल्या, विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.७ असतो, म्हणून जोडीचा २५ व्होल्टच्या वर दिसेल आणि ओढीच्या वेळी तो २१च्या आसपास उतरेल. दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या आणि शक्यतो एकाच दिवशी घेतलेल्या असाव्यात. एकसर जोडणीत दोघींतून तोच करंट वाहतो, त्यामुळे कमजोर बॅटरी आधी रिती होते आणि धडधाकट बॅटरी तिच्यातून बळेच करंट ढकलत राहते. कमजोर बॅटरीतले घर, म्हणजे सेल, उलट्या दिशेने भरू लागले की ती कायमची बाद झाली असे समजावे. इथे हलकी म्हणून लिथियम बॅटरी घेण्याचा मोह होतो, परंतु तिच्या आत करंटवर पहारा ठेवणारे सर्किट असते आणि शंभर अँपिअर-तासाच्या सर्वसाधारण बॅटरीत ते शंभर अँपिअरच्या आसपासच सतत सोडते. विंचची भूक त्याच्या दुप्पट आहे, म्हणजे ऐन ओढीत ती स्वतःला बंद करून घेईल.

भरण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांपैकी दोन पाहताना आकर्षक वाटतात.

पहिल्यात गाडीची नेहमीची बॅटरी खाली आणि एक जादा बॅटरी तिच्या ‘डोक्यावर’ बसवतात: जादा बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धन टोकाला. बॅटरी एकच जास्त लागते, आणि खालचीला आल्टरनेटर भरत राहतो. अडचण वरचीची आहे. तिचे ऋण टोक आता गाडीच्या बॉडीपासून १२ व्होल्ट वर उचललेले आहे. तिला भरण्यासाठी १२ व्होल्टचा साधा डीसी चार्जर आणला, तर त्याच्या आत येणारे आणि जाणारे ऋण टोक बहुधा एकच असते. तो जोडताच गाडीच्या बॅटरीचे धन टोक चार्जरमधून थेट बॉडीला भिडते, म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. इथे आतून दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या विलग ठेवणारा, म्हणजे आयसोलेटेड चार्जरच लागतो, आणि दुकानदाराला हा शब्द वापरून विचारावे लागते. शिवाय वरच्या बॅटरीचे धन टोक आणि बॉडी यांच्यामध्ये २४ व्होल्ट उभे असतात, त्यामुळे एखादा मेकॅनिक सवयीने तिथून हॉर्नची किंवा दिव्याची तार घेईल त्या दिवशी गाडीचा इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकही जाऊ शकतो.

दुसरा मार्ग सिरीज-पॅरलल स्विचचा. एरवी दोन्ही बॅटऱ्या समांतर राहून १२ व्होल्टवर आल्टरनेटरकडून भरतात आणि विंचचे बटण दाबले की मोठे कॉन्टॅक्टर त्यांना एकसर करतात. कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. १२ व्होल्टच्या गाडीत २४ व्होल्टचा स्टार्टर फिरवण्यासाठी अमेरिकेतील जुन्या डिझेल ट्रकांत आणि टोयोटाच्या लँडक्रूझर ८० मालिकेतील काही डिझेल गाड्यांत ती वापरलेली आहे. परंतु स्टार्टर दोन-चार सेकंद फिरतो आणि विंच मिनिटभर. या फेरजोडणीत दुसऱ्या बॅटरीचे ऋण टोक बॉडीवरून सुटून पहिलीच्या धन टोकावर जाते. एखादा संपर्क ठिणगीने वितळून चिकटून राहिला आणि दुसरा तेवढ्यात बसला, तर बॅटरीची दोन टोके एकमेकांना थेट जोडली जातात. म्हणून आधीचा संपर्क पूर्ण सुटल्याशिवाय पुढचा बसणारच नाही अशी रचना लागते, आणि ती शेकडो अँपिअरच्या कॉन्टॅक्टरांत घरच्या घरी विश्वासाने साधणे सोपे नाही. ज्याच्याकडे कारखान्यात बनलेला संच आहे त्याने तो वापरावा; टपरीवर चार सोलेनॉइड जोडून मी तो करणार नाही.

तिसरा मार्ग दिसायला सर्वात कंटाळवाणा आहे आणि मी तोच सुचवतो. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा स्वतंत्र संच गाडीत ठेवायचा. त्याचा संबंध फक्त विंचशी. गाडीची मूळ बॅटरी आणि वायरिंग यांना हात लावायचा नाही. हा संच भरण्यासाठी मगाचा तो छोटा डबा उपयोगी पडतो: १२ व्होल्ट घेऊन २८ व्होल्टच्या वर भरणारा पाच किंवा दहा अँपिअरचा चार्जर. तीन मिनिटे सरासरी २०० अँपिअरने ओढले तर १० अँपिअर-तास खर्च झाले. पाच अँपिअरचा चार्जर गाडीकडून अकरा-बारा अँपिअर घेऊन, वाटेतली घट धरून, अडीच तासांत ते भरून काढतो. ताम्हिणीतल्या चिखलातून निघालेली गाडी पुण्यात घरी पोहोचेपर्यंत बरेचसे काम आपोआप होते, आणि आल्टरनेटरवर पडणारा भार हेडलाइटच्या जोडीपेक्षा फारसा जास्त नसतो. विंचचा उपसा आणि गाडीची भरणी एकमेकांपासून वेळेत वेगळी केली, एवढेच यातले मर्म. पन्नास-साठ किलोचे वजन वाढते, हा खरा तोटा आहे.

या मार्गातही एक जागा अशी आहे जिथे बिनधोक दिसणारी जोडणी जळते, ती म्हणजे अर्थिंग. बऱ्याच विंचच्या मोटरींचे ऋण टोक त्यांच्या कवचालाच असते आणि कवच बंपरमार्फत बॉडीला भिडलेले असते. संचाच्या ऋण टोकापासून मोटरीच्या स्टडपर्यंत, म्हणजे तार जोडायच्या बोल्टपर्यंत, जाड केबल गेली आहे, आणि चार्जर साधा असेल तर त्याची बारीक ऋण तारही संचाला आणि बॉडीला जोडते. आता समजा जाड केबलचा नट ढिला झाला. विंच थांबत नाही. करंट कवचातून बॉडीत आणि बॉडीतून चार्जरच्या त्या बोटभर लांब, करंगळीच्या चौथाई जाडीच्या तारेतून परतायला लागतो. दोनशे अँपिअर तिथून गेले की तार काही सेकंदांत लाल होते. विलग चार्जर हा धोका मुळातच काढून टाकतो. तो नसेल तर चार्जरच्या धन आणि ऋण अशा दोन्ही तारांवर फ्यूज हवा आणि विंच चालताना चार्जर आपोआप तोडणारा छोटा विजेचा स्विच, म्हणजे रिले हवा. मुख्य केबलवर संचाच्या अगदी जवळ हाताने फिरवायचा बॅटरी कट-ऑफ आणि सुमारे ३०० अँपिअरचा फ्यूज लावावा. अपघातात बंपर आत दाबला गेला तर सर्वात आधी चिरडते ती विंचचीच केबल.

जोडणी बरोबर आहे की नाही हे पाहायला साधा मल्टिमीटर पुरतो, आणि ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. एका मित्राच्या पिकअपच्या हौद्यात आम्ही असाच संच बसवला होता. विंच फिरत होता पण दम लागल्यासारखा. केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर १६० अँपिअर दाखवत होता. मीटरची एक पिन संचाच्या धन टोकावर आणि दुसरी विंचच्या धन स्टडवर ठेवून, दोर झाडाला ताणलेला असताना, पाहिले तर ०.४ व्होल्ट आले. पाच मीटर केबलच्या हिशोबाने बरोबर. तेच ऋण बाजूला केले तर १.९. आम्ही ऋण केबल मोटरीच्या स्टडऐवजी बंपरच्या ब्रॅकेटला लावली होती, कारण तिथपर्यंत ती आयती पोहोचत होती, आणि त्या बोल्टखाली कारखान्याचा रंग तसाच होता. दीड व्होल्ट गुणिले १६० अँपिअर म्हणजे २४० वॅट, जणू दहा सोल्डरिंग आयर्न एका बोल्टवर टेकवलेली. बोल्टला हात लावून पाहिलेल्या मित्राने त्याची खात्री पटवून दिली. केबल अर्धा हात वाढवून स्टडवर घेतली, केबलच्या टोकाचा लग, म्हणजे धातूची कडी, दाबयंत्रात नीट क्रिंप केला, आणि आकडा ०.५वर आला. हीच तपासणी दोन बॅटऱ्यांमधल्या छोट्या जोडपट्टीवरही करावी; आखूड आहे म्हणून तिला बारीक वायर लावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तिच्यातूनही पूर्ण करंट जातो.

उपसा कमी करण्याचा सर्वात स्वस्त उपाय विजेचा नाहीच. दोर झाडाच्या पट्ट्यात अडकवलेल्या कप्पीतून फिरवून हूक परत गाडीला लावला की दोरावरचा ताण निम्म्यावर येतो आणि करंटही बराच उतरतो. दोर दुप्पट गुंडाळावा लागतो, पण हलक्या ओझ्यावर मोटर वेगाने फिरत असल्यामुळे वेळ दुप्पट लागत नाही. पट्टीवर छापलेली ओढ ड्रमवरच्या पहिल्या थराची असते आणि थरावर थर चढतील तशी ती घटते. कप्पीमुळे दोर जास्त बाहेर राहतो, हा वरचा फायदा.

ओढ झाल्यावर दुसऱ्या दिवशी, गाडी सुरू करण्यापूर्वी आणि चार्जर तोडून, दोन्ही बॅटऱ्यांचा दाब वेगवेगळा मोजावा. जोडीचा एकूण आकडा फसवतो: २५.१ व्होल्टमध्ये १२.७ आणि १२.४ दडलेले असू शकतात. चार्जर फक्त बेरीज पाहतो, त्यामुळे तो एकीला जादा भरतो आणि दुसरीला उपाशी ठेवतो. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या सोडवून प्रत्येकीला १२ व्होल्टच्या घरच्या चार्जरवर वेगळे पूर्ण भरावे, आणि महिन्याभराने तोच फरक पुन्हा दिसला तर दोन्ही एकदम बदलाव्यात.